वेणीतले उपवास

शाल्मलीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि समोर एक गिऱ्हाईक हात वर करून उभं होतं. मुलीचा फोन दिवाळीला येतो, माझ्या वाढदिवसाला येतो आणि तिच्या बाबांच्या वर्षश्राद्धाला येतो. जुलैतल्या मंगळवारी दुपारी येत नाही. मी टाचण्या काढून फोन घेतला.

"आई, माझी वेणी आहे का अजून तुझ्याकडे?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. सरळ वेणी.

"कुठली वेणी?"

"कुठली काय? सतराव्या वर्षी कापली ती. तू गंगावन करणार म्हणून ठेवली होतीस."

"बघावं लागेल गं. किती वर्षं झाली त्याला," मी म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. वेणी ट्रंकेत होती, माझ्या लग्नातल्या शालूखाली, मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मी तिला ऊन दाखवते. गंगावन मी कधी केलंच नाही.

मी रूपाली तोडकर, मिरजेत ब्लाऊज शिवते. आता आरशासमोर उभं राहिलं की माप घेणारी यंत्रं आली आहेत, तासाभरात शिवलेलं कापड दारात येतं, तरी माझ्याकडे गर्दी असते. पस्तीस वर्षं टेप गळ्यात आहे. बाई दारातून आत आली की तिची छाती, कंबर, दंड मला न मोजता कळतो. याचा मला फार गर्व होता. शाल्मलीचं माप मी ती अकरा वर्षांची असल्यापासून दर रविवारी घ्यायचे. गिऱ्हाइकांच्या वहीत तिचं स्वतंत्र पान होतं. कंबर अर्धा इंच वाढली की त्या आठवड्याची पोळी बंद.

सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला जायच्या आदल्या दिवशी तिने वेणी कापली आणि माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवली. "घे. तेवढं तरी वजन कमी झालं माझं," म्हणाली. तेव्हापासून तिने मला टेप लावू दिली नाही. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. सांगलीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. एकटीच राहते. मिरज ते सांगली अर्ध्या तासाचा रस्ता आहे, आणि वर्षातून तीनदा आमची भेट होते.

"आई, ऐकतेस का? मला पीसीओएस आहे हे तुला माहीत आहे. आता साखरही काठावर आलीय. पाळी वर्षातून दोनदा. गर्भाशयाचं अस्तर जाड होत चाललंय, ते बरं लक्षण नाही. नवीन उपचार आलाय, आपल्या मिरजेतच देणार आहेत. पण पहिल्या तुकडीत चाळीसच जागा आहेत, आणि वयाची अट अठ्ठावीसच्या आत. त्यांना माझी जुनी माहिती हवी आहे, हे सगळं सुरू झालं त्या वर्षांची."

"मग जुने रिपोर्ट दे की."

"रिपोर्टात फक्त साखर आहे, आणि ती कायम नॉर्मल होती. त्यांना इन्सुलिन हवंय. ते आता केसांतून वाचता येतं. रोजचं. कुठल्या दिवशी खाल्लं, कुठल्या दिवशी नाही, सगळं दिसतं म्हणे."

माझ्या हातातली टाचणी खाली पडली. रोजचं दिसतं म्हटल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं ते मी पुढे सांगणारच आहे. तेव्हा मात्र मी एवढंच म्हणाले, की शोधते आणि कळवते. मग दोन दिवस ट्रंक उघडली नाही. तिच्या उपचाराची मुदत चालू होती आणि मी बसून काज-बटण करत होते.

तिसऱ्या दिवशी शाल्मलीला कळवलं आणि वेणी घेऊन मी दवाखान्यात गेले. काय झालं असेल ते असो, पण एवढी निगरगट्ट मी नाही.

तिथली डॉक्टर म्हणजे नाझनीन मुजावर. तिच्या शाळेचे गणवेश मी शिवलेत, त्यामुळे मी तिला अगंतुगंच करते आणि ती मला काकू म्हणते. शाल्मली आधीच येऊन बसली होती. मानेभोवती ओढणी होती. जुलैच्या उकाड्यातसुद्धा तिची ओढणी मानेवरून सुटत नाही.

नाझनीनने वेणी पट्टीवर ठेवून मोजली. बासष्ट सेंटिमीटर. "केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाच वर्षं आहेत इथे," ती म्हणाली. "शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्यातून एक छोटा तुकडा वेगळा होतो. त्याचा अगदी अंशभर भाग केसाच्या मुळाशी येतो आणि केस वाढला की त्यातच अडकून राहतो. रोज मिलिमीटरचा तिसरा हिस्सा केस बाहेर येतो. लेझरने तेवढा तेवढा भाग वाचायचा. एक केस वाचून भागत नाही, दोनशे वाचून सरासरी काढतात. मग तारखेनिशी रेघ मिळते. आमच्याकडे पेशंट त्याला केसांचं पंचांग म्हणतात."

"पण साखर नॉर्मल होती ना हिची? मग रोग कसला?" मी विचारलं. हा प्रश्न मी पंधरा वर्षं स्वतःशी घोकत आले होते. साखर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, म्हणजे पोरगी खाते, दुसरं काय.

"तिथेच तर फसगत होते, काकू. खाल्लं की रक्तात साखर येते. ती पेशीच्या आत जायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिनने दार वाजवायचं आणि पेशीने उघडायचं. शाल्मलीच्या पेशी एका टकटकीला उघडत नाहीत. मग शरीर पाचपट, सातपट इन्सुलिन बनवतं आणि दार धडाधडा वाजवतं. शेवटी साखर जाते आत. म्हणून साखर तपासली की सगळं छान दिसतं. पण ते जास्तीचं इन्सुलिन रक्तात फिरत राहतं ना. अंडाशयं त्याचं लगेच ऐकतात आणि पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात. बीजं अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत गाठींसारखी दिसतात, त्यावरून हे नाव पडलं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे जातात. आणि इन्सुलिन चढं असेपर्यंत चरबी जागची हलत नाही. भूक मात्र लागत राहते."

"आणि मान काळी होते," शाल्मली पहिल्यांदाच बोलली. माझ्याकडे न बघता.

"हो. मानेवर, काखेत. इन्सुलिन चढं असल्याची ती खूण आहे. मळ नसतो तो."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत बसले. तेरा-चौदा वर्षांची असताना तिची मान मी दर रविवारी डाळीच्या पिठाने आणि तेवढ्याने गेली नाही म्हणून वज्रीने घासत असे. पाय घासायची वज्री. ती रडायची आणि मी म्हणायचे, आंघोळ नीट करत जा म्हणजे ही वेळ येणार नाही. रक्त आलं की मी थांबायचे, आणि खोबरेल लावायचे. खोबरेल लावत होते म्हणून मी स्वतःला प्रेमळ आई समजत होते.

उपचार काय तेही नाझनीनने सांगितलं. वर्षभर दर आठवड्याला एक इंजेक्शन. त्याने स्नायूंच्या पेशी पहिल्या टकटकीला उघडायला शिकतात. जोडीला चालणं, व्यायाम, मोजकं खाणं आणि तिची आधीपासूनची गोळी चालूच. "फक्त एक धोका आहे. पेशी एकदम उघडायला लागल्या आणि पेशंट कधी बकाबका खाणारा, कधी उपाशी राहणारा असला, तर साखर धाडकन उतरते. बेशुद्ध पडतात माणसं. म्हणून चोरून खायची सवय ज्यांना असेल त्यांना घेत नाहीत. निर्णय आमचा नाही, हैदराबादच्या समितीचा."

चोरून खायची सवय, हे शब्द तिने काही आमच्याकडे बघून उच्चारले नव्हते. तरी आम्ही दोघींनीही एकाच वेळी मान खाली घातली.

आठ दिवसांनी निकाल आला आणि नाझनीनने दोघींना बोलावलं. अर्ज नाकारला होता. पडद्यावर तिने रेघ दाखवली. पाच वर्षांची लांबच लांब रेघ, मुळात उंच, आणि तिच्यावर कंगव्याच्या दातांसारखी शिखरं.

"शाल्मली, तू अर्जात लिहिलंस की बाराव्या वर्षापासून सोमवार आणि गुरुवार उपवास होते. त्यांच्या प्रणालीने उपवासाच्या दिवशी अन्न शून्य धरलं. आणि नेमकी त्याच वारी सगळ्यात मोठी शिखरं आहेत. शिवाय महिन्यातून एक-दोन शिखरं अधल्यामधल्या वारी. त्यांचा निष्कर्ष असा, की उपवास सांगून चोरून खाणं चालू होतं." तिने पुढचं पान उघडलं. "आणि दुजोरा म्हणून जुना केसपेपर जोडलाय. तुमच्या त्या वेळच्या फॅमिली डॉक्टरांचा. मार्च दोन हजार छत्तीस. त्यावर लिहिलंय, मुलगी चोरून खाते, डबेच्या डबे संपवते. खाली कंसात, आईचे सांगणे."

मी शाल्मलीकडे बघितलं. आता ही उसळणार, आता मला चार शब्द ऐकवणार, आणि ऐकवावेतच, अशी मी तयारी केली. पण ती उसळली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "असेल."

"असेल म्हणजे?" नाझनीनने विचारलं.

"असेन खात. यंत्र कशाला खोटं बोलेल? दोनशे केस एकच सांगतायत." आणि उठून निघाली. "पंधरा दिवसांत हरकत घेता येते," असं नाझनीन तिच्या पाठीमागे सांगत होती. ती दारातूनच म्हणाली, "कशाच्या जोरावर घेऊ?"

शाल्मलीने भांडण सोडून दिलेलं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मला तिच्या रागाची सवय होती. त्या 'असेल'ने मात्र माझा जीव घाबरा झाला. मी नाझनीनकडून ती रेघ तारखांसकट कागदावर मागून घेतली आणि घरी आले.

जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर ब्लाऊजचे नमुने चांगले कापता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कडी लावली आणि माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला. दोन हजार बत्तीस ते सदतीस. काही पानांच्या बाह्या झाल्या होत्या, एका जुलैचा गळा कापून गेला होता, पण बरीचशी पानं शाबूत होती. जमिनीवर पानं मांडली, शेजारी रेघेचा कागद पसरला आणि खडूने खुणा करत सुटले.

सोमवार, शिखर. गुरुवार, शिखर. ते तर कळलेलंच होतं. मग ती अधलीमधली शिखरं घेतली. एक मंगळवार. पुढचं शुक्रवारी. त्याच्या पुढचं रविवारी. वार जुळेना. म्हणून तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात काय छापलंय ते चष्मा पुसून वाचलं. संकष्टी. पुढची चौकट, संकष्टी. त्याच्या पुढची, आषाढी एकादशी. मग संकष्टी, संकष्टी, कार्तिकी.

मी जमिनीवर बसकण मारली. पंचांग बघून कुठली पोरगी चोरून खाते?

ते चोरून खाणं नव्हतंच. तो माझ्या हातचा उपवास होता. सकाळी दूध-केळं, कारण पोरीला अशक्तपणा नको. दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाटा घालून, वर चिमूटभर साखर. संध्याकाळी रताळ्याच्या गोड फोडी, नाहीतर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मधे भूक लागली तर खजूर. पोळी-भाकरी, डाळ-उसळ, भाजी काही नाही, म्हणजे उपवास. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, सातवीच्या पुस्तकातच होतं. पण देवाच्या नावाने खाल्लेलं अंगाला लागत नाही अशी काहीतरी माझी पक्की समजूत होती. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं, आणि मी तिला आठवड्यातून दोनदा, वर चतुर्थीला, अशी ताटं वाढली. वजन वाढलं की उपवास वाढवला. आणि वजन वाढतंय म्हणजे ही चोरून खाते, हे ठरवून टाकलं.

माझ्यावरच मला इतका संताप आला की मी मोठ्याने स्वतःला शिवी दिली. तरी हात चालूच ठेवले. आता सगळे उपवास जुळवूनच उठायचं होतं. दोन हजार छत्तीसचा फेब्रुवारी आला. त्या महिन्यात एका उपवासाला शिखर नव्हतं.

चौकटीत छापलं होतं, महाशिवरात्र.

आता सांगते. त्या महाशिवरात्रीला आमच्या गल्लीतल्या बायका आमच्याकडे भजनाला येणार होत्या. मी आदल्या दिवशी राजगिऱ्याचे एकवीस लाडू वळून डब्यात भरले. सकाळी बघते तर डबा जागेवर नाही. सगळं घर उलथंपालथं केलं. शाल्मली सोळा वर्षांची, अंघोळ करून देवापुढे बसली होती. मी तिला दंडाला धरून उभं केलं. "नाही गं आई, मी नाही खाल्ले," ती म्हणत राहिली. बायका आल्या तेव्हाही माझं तोंड चालूच होतं. त्यांच्यादेखत मी तिच्या थोबाडीत मारली, आणि आज हिला पाणीसुद्धा मिळणार नाही असं जाहीर केलं. आणि दिलं नाही. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेऊन मी ते 'आईचे सांगणे' लिहून घेतलं.

पाच वर्षांच्या रेघेत त्या एका दिवशी शिखर नव्हतं. खोलगट जागा होती. माझ्या घरात तिला घडलेला खरा उपवास तो तेवढाच.

दुपारी मी नाझनीनला फोन केला आणि शिखरांचं सांगितलं. ती म्हणाली, "या अल्ला. काकू, मी मिरजेत वाढले. चतुर्थीला शेजारून आलेली खिचडी खाऊन वाढले मी. माझ्या कसं लक्षात आलं नाही? त्यांच्या प्रणालीने उपवास म्हणजे आमच्या रोज्यासारखं काहीतरी धरलंय." लगेच ती कामाला लागली. तारखा जुळवलेला तक्ता हवा, काय वाढत होतात ते पदार्थांनिशी हवं, आणि केसपेपरातल्या त्या वाक्याबद्दल पालकाचं निवेदन हवं. "ते अवघड नाही. रेघ बोलतेच आहे. एकवीस लाडू खाल्ले असते तर तिथे डोंगर दिसला असता. तुम्ही एवढंच लिहा, की गैरसमजातून तसं सांगितलं होतं. खाली शाल्मलीची सही. बास."

गैरसमज. किती सोयीचा शब्द. मी एका बैठकीत दीड पान लिहून काढलं.

शनिवारी आम्ही तिघी पुन्हा त्याच खोलीत बसलो. नाझनीनने शाल्मलीला तक्ता दाखवला, एकेका शिखराखाली संकष्टी, एकादशी, सोमवार. शेवटी महाशिवरात्रीवर बोट ठेवलं. शाल्मली पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक लागेल असं वाटलं.

"हा तोच दिवस? नक्की?"

"एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. पण पुढेमागे आठवडाभर बघ, लाडवांएवढं काही कुठेच नाही."

"म्हणजे मी खरंच नव्हते खाल्ले," शाल्मली म्हणाली. ते आम्हाला उद्देशून नव्हतं. मग ती खुर्चीत बसली आणि हळूहळू बोलायला लागली. "मला वाटायचं मीच खाल्ले असतील. झोपेत वगैरे. आई एवढं ठामपणे सांगतेय, सगळ्यांसमोर मारतेय, म्हणजे काहीतरी असेल. मलाच आठवत नसेल. पुण्याला गेले तरी तेच. वजन वाढलं की वाटायचं, मी काहीतरी खातेय आणि मला कळत नाहीये. सांगलीच्या घरात मी स्वयंपाकघराला कुलूप लावते, नाझनीन. जेवण झालं की कुलूप लावते आणि किल्ली समोरच्या वहिनींकडे देते. त्यांना सांगितलंय की माझ्याकडून हरवते."

नाझनीनने मान वळवली. आणि मग शाल्मलीने, जिने दहा वर्षांत मला अंगाला हात लावू दिला नव्हता, तिने टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"जाऊ दे, आई. तुलाही कुठे माहीत होतं? तुलाही वाटलं असेल मीच खाल्ले."

तिचा हात गरम होता. समोर माझं निवेदन होतं, त्यात गैरसमज हा शब्द होता, तिने पेन उघडलंच होतं. अर्ज मंजूर व्हायला यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं. मी गप्प बसले असते तर मुलगी परत मिळाली असती. देवाशपथ सांगते, मी गप्प बसणारच होते. पण ती त्या कुलपाचं बोलली नसती तर बसता आलं असतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"डबा सापडला होता. तिसऱ्या दिवशी. देवघराखालच्या कपाटात, जुन्या समयांच्या मागे. तुझ्या हाताला लागू नये म्हणून आदल्या दिवशी मीच लपवून ठेवला होता, आणि कामाच्या रगाड्यात विसरले. मुंग्या लागल्या होत्या."

"किती होते?"

"एकवीस."

"मोजलेस?"

"मोजले."

तिचा हात माझ्या मनगटावरून निघाला. तिने ओढला असंही नाही, नुसता निघाला. "आणि डॉक्टरांकडे कधी नेलंस मला? ते चोरून खाते लिहून घ्यायला?"

"त्याच्यानंतर. चार दिवसांनी. मी लाडू ओढ्यात टाकले. सगळ्या बायकांसमोर मारलं होतं, आता कुठल्या तोंडाने सांगायचं, असं वाटलं. म्हटलं, लाडू नसतील खाल्ले, दुसरं काहीतरी खातच असेल. मग तेच खरं मानत गेले. शाल्मली, मी फार वाईट केलं गं. मला तेव्हाही कळत होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. माझं निवेदन उचलून तिने वाचलं, गैरसमज या शब्दाखाली नखाने रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "हे खोड. आत्ता जे बोललीस ते लिही."

नाझनीन म्हणाली, "शाल्मली, समितीला याची गरज नाही."

"मला आहे," ती म्हणाली.

मी लिहिलं. समयांच्या मागे, एकवीस, मुंग्या, ओढा, सगळं लिहिलं. पस्तीस वर्षं रेघ सरळ कापणारा माझा हात, अक्षर मात्र वेडंवाकडं आलं. तिने शांतपणे शेवटपर्यंत वाचलं, सही केली, पर्स उचलली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. जागा तिला मिळाली हे मला दहा दिवसांनी नाझनीनच्या आईकडून कळलं. ती परकर शिवायला टाकायला आली होती.

त्या वर्षी दिवाळीला फोन आला नाही. माझ्या वाढदिवसालाही नाही. तिच्या बाबांच्या वर्षश्राद्धाला तिने समोरच्या वहिनींच्या मुलाबरोबर हार पाठवला. मी कोणाला दोष देऊ? गल्लीतल्या बायकांना मात्र मी घरी बोलावलं. त्या भजनाच्या दिवशी हजर असलेल्या सात जणी अजून आहेत. त्यांना मी डब्याची गोष्ट सांगितली. दोघींना तो प्रसंग आठवतही नव्हता. एक म्हणाली, "अगो बाई, एवढंसं काय मनाला लावून घेतेस?" मी तिला सांगितलं की माझं नाही, माझ्या पोरीच्या मनाला लागलंय.

मार्चमध्ये, भर दुपारी, दुकानाच्या दारात शाल्मली उभी राहिली. हातात निळ्या खणाचं कापड होतं. मानेवर ओढणी नव्हती. मान बरीचशी निवळली होती, पण वज्रीचा एक जुना पांढरा ओरखडा होता तो तसाच होता. मी आधी तिकडेच बघितलं.

"मी माफ वगैरे केलेलं नाही," ती म्हणाली. "ब्लाऊज शिवायचाय. त्या यंत्राने शिवलेला काखेत काचतो."

"ये," मी म्हणाले.

ती हात थोडे वर करून उभी राहिली. दहा वर्षांनी मी तिला टेप लावली. वजन किती उतरलं, कंबर किती झाली, मी काही विचारलं नाही. आकडे कागदावर लिहिले आणि वहीत तिचं पान उघडलं नाही. दंडाचं माप घेताना मला आठवलं, माझी तीच बोटं, तिचा तोच दंड, देवापुढून ओढून उठवलेला. मी टेप पुन्हा सैल सोडून लावली. तिला ते कळलं असणार, पण ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"चहा टाकू? बिनसाखरेचा?"

"नको. जायचंय."

ती पायरी उतरली. मला राहवलं नाही. दारातून मी विचारलं, "शाल्मली, ती स्वयंपाकघराची किल्ली... अजून वहिनींकडेच असते का गं?"

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"कुलूपच काढून टाकलं," ती म्हणाली आणि गाडीकडे गेली.